वाड्यातली चिनी भांडी, बिदरी पानदान आणि सरस्वतीची तसबीर : लिलावात द्यावं का?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलूकडचा आमचा वाडा यंदा उतरवायचा ठरलाय. माळवद गळतंय, एका अंगाची भिंत फुगलीय आणि चारही चुलत घरांपैकी तिथं आता कुणीच राहत नाही. सामान काढताना फडताळातून आणि माडीवरच्या पेटाऱ्यातून बरंच काही निघालं. पणजोबा निजामाच्या काळात तालुका कचेरीत पेशकार होते, आजोबा रेल्वेत. त्यामुळं साहेबी थाटाच्या वस्तू घरात आल्या असाव्यात.

निळ्या नक्षीच्या पांढऱ्या चिनी मातीच्या ताटल्या, एक मोठा लांबट थाळ, झाकणाचं पोटाळ भांडं. रेल्वेची अक्षरं असलेल्या दोन जाड ताटल्या. काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी असलेलं पानदान. चांदीची दिसणारी चहाची किटली आणि साखरदाणी. मखमली पेटीत पांढऱ्या मुठींच्या सुऱ्या. सरस्वतीची तसबीर, साडीवर जरी आणि टिकल्या चिकटवलेल्या. लोणच्याच्या बरण्या तर मोजायच्या बाहेर.

परभणीहून एक गृहस्थ आले होते. "सगळं मिळून पंचवीस हजार, आत्ता रोख, टेम्पो माझा" असं म्हणाले. थोरल्या चुलत भावाचं म्हणणं, हा माल लंडनला लिलावात कोटीत जातो. धाकटा म्हणतो भंगार आहे, देऊन मोकळे व्हा. जाणकारांनी सांगावं.

मोंढा_नाका (जालना)

दादा, गठ्ठ्यानं भाव सांगणाऱ्याचा डोळा एखाद्याच वस्तूवर असतो. ती कोणती ते तुम्हाला कळू नये म्हणून बाकीचं ओझं तो उचलतो. मोंढ्यात आमचा जन्म गेला. चार पोत्यांचा भाव करणारा एकाच पोत्यात हात घालून बघतो, त्यातली गत. त्यानं काय काय हातात घेतलं ते आठवा.

दुधनाकाठ

पानदान दोनदा उचललं, एकदा नुसतं वजन बघायला. सरस्वतीच्या काचेवर बोट फिरवलं. रेल्वेच्या ताटल्या उलटून बघितल्या. निळ्या ताटल्यांना हात लावला नाही.

मोंढा_नाका (जालना)

मग झालं की. अर्धा धागा त्यानंच लिहून दिला तुम्हाला.

खडकेश्वर (संभाजीनगर)

जुन्या क्रोकरीत मी बरीच वर्षं हात काळे केलेत. जाफर गेटच्या बाजारापासून मुंबईच्या चोर बाजारापर्यंत फिरणं चालू असतं. दुधनाकाठ, वरून काढलेले फोटो इथं टाकू नका. ताटल्या पालथ्या करा. कोमट पाणी आणि साध्या साबणानं बूड धुवा. ॲसिड, ब्लीच, तारेची घासणी जवळ येऊ देऊ नका. मग उजेडात तिरपं धरून बुडाचा फोटो काढा.

तिथं देशाचं नाव आहे का, हे पहिलं बघायचं. अमेरिकेनं १८९० मध्ये जकातीचा कायदा केला आणि १८९१ पासून तिथं येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं. इंग्लंडचे कारखाने एकाच भट्टीतला माल अमेरिकेला, हिंदुस्थानला, ऑस्ट्रेलियाला पाठवायचे, म्हणून ते नाव आपल्याकडच्या भांड्यांवरही आलं. नुसतं 'इंग्लंड' असेल तर ढोबळमानानं १८९१ नंतरचं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक वेळा विसाव्या शतकातलं. देशाचं नावच नसेल तर माल त्याआधीचा असण्याची शक्यता उघडते, पण नुसत्या शक्यतेवर उड्या मारू नका.

दुसरं, तिरप्या चौकोनाचा छोटा शिक्का, कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे. तो इंग्लंडात नक्षीच्या नोंदणीसाठी १८४२ ते १८८३ वापरात होता. १८८४ पासून त्याच्या जागी 'आर. डी. नंबर' आला, एकपासून सुरू झालेला सरळ क्रमांक. १९०० उजाडलं तेव्हा त्यानं साडेतीन लाख ओलांडले होते. ही नक्षीच्या नोंदणीची तारीख असते. ताटली त्याआधीची असू शकत नाही, त्यानंतर किती वर्षांनी भाजली हे मात्र त्यातून कळत नाही. एखादी नक्षी खपली की कारखाने तीस-तीस वर्षं तीच काढायचे.

जपानी माल असेल तर 'निप्पॉन' हे १८९१ ते १९२१ च्या दरम्यानचं. 'ऑक्युपाइड जपान' दिसलं तर १९४५ ते १९५२, महायुद्धानंतर अमेरिकी सैन्य तिथं होतं तेव्हाचं.

दुधनाकाठ

आत्ताच बघितलं. निळ्या ताटल्यांवर फितीच्या चित्रात नक्षीचं नाव, खाली 'इंग्लंड' आणि आर. डी. नंबर ४१२ हजारांच्या घरातला. बुडावर तीन-तीन बारीक खरबरीत ठिपके आहेत, ते डाग का? आणि मोठ्या थाळाला मागून धातूचे टाके घातलेत, कपड्याला घालावेत तसे.

खडकेश्वर (संभाजीनगर)

४१२ हजार म्हणजे १९०३ च्या आसपासची नोंदणी. म्हणजे शंभरी गाठलेली असण्याची शक्यता भक्कम आहे.

ते ठिपके डाग नव्हेत. भट्टीत ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये तीन टोकांचे मातीचे टेकू ठेवायचे, त्यांची टोकं जिथं टेकतात तिथं झिलई उचकटते. ठिपके आहेत ही चांगलीच खूण आहे.

टाके बघून मला आनंद झाला. आजकाल फेव्हिक्विक लावून मोकळे होतात. पूर्वी फुटलेलं चिनी भांडं सांधणारे कारागीर गावोगाव फिरायचे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना हातानं फिरवायच्या गिरमिटानं बारीक भोक पाडायचं, पण आरपार नाही, निम्म्या जाडीपर्यंतच. मग तारेचा टाका किंचित तापवून बसवायचा. थंड होताना तार आकसते आणि सांधा आवळला जातो. वरच्या बाजूनं बघितलं तर काही दिसत नाही, नुसती केसासारखी रेघ. लिलावात अशा थाळाची किंमत बरीच उतरते हे खरं, पण टाके काढायला जाऊ नका. टाके काढले की तुमच्या हातात दोन तुकडे आणि आठ भोकं राहतील.

आता एकेक ताटली तळहातावर बसवून काठावर नखानं टिचकी मारा. ठणठणीत वाजली तर सलग. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे, दिसत नसला तरी. मग उजेडासमोर धरा. खऱ्या पोर्सलिनमधून किंवा बोन चायनातून बोटांची सावली दिसते. तुमच्या निळ्या ताटल्यांतून ती दिसणार नाही असा माझा कयास आहे, कारण त्या साध्या सफेद मातीच्या, छापील नक्षीच्या असणार. नक्षी तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, पातळ कागदावर छाप घ्यायचा आणि तो कागद एकदा भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या भांड्यावर दाबायचा. काठाजवळ बघा, वेल जिथं जुळायला हवी तिथं कागदाचा जोड अर्धवट चुकलेला सापडेल. मला तर ते चुकलेलं पान बघायला फार आवडतं. कुणा कामवालीनं दुपारच्या घाईत लावलेलं असतं.

एक धोक्याची सूचना. जुन्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं. झिलईवर भेगांचं जाळं पडलेलं असेल तर त्यात चिंचेचं सार, लिंबाचं लोणचं, ताक वाढू नका. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतात. शोभेला ठेवा.

गोदाघाट_नांदेड

काय लावलंय यार तुम्ही. थोरले भाऊ बरोबर बोलायलेत. २०१४ मध्ये हाँगकाँगला सोदबीजच्या लिलावात कोंबडा-कोंबडीचं चित्र असलेला एक बोटभर चिनी पेला २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरला गेला. घेणाऱ्यानं त्यात चहा पिऊन फोटो काढला. अमेरिकेत एकानं घरापुढच्या जुन्या सामानाच्या विक्रीत ३५ डॉलरला वाटी घेतली, ती मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ७ लाख २१ हजार ८०० डॉलरला गेली. त्याआधी २०१३ मध्ये तीन डॉलरची वाटी २२ लाख डॉलरला. आणि तुम्ही लोक बसलेत टिचक्या मारत.

खडकेश्वर (संभाजीनगर)

भाऊ, तुम्ही सांगितलेले सगळे आकडे खरे आहेत. फरक बघा फक्त. कोंबड्याचा पेला मिंग घराण्यातल्या चेंगहुआ बादशहाच्या काळचा, पंधराव्या शतकातला, शाही भट्टीतला. जगात असे पेले बोटांवर मोजण्याइतके. ३५ डॉलरची वाटीही पंधराव्या शतकातलीच. तीन डॉलरवाली त्याहून जुनी, सोंग काळातली. सेलूच्या ताटल्या एका इंग्रज कारखान्यानं हजारोंनी छापलेल्या. जुनेपणाला बाजारात किंमत नसते, दुर्मिळपणाला असते.

आणि चिनी बादशहाचा शिक्का दिसला म्हणून नाचू नये. पूर्वजांच्या कारागिरीला मान म्हणून नंतरच्या शतकांतले कुंभारही आधीच्या बादशहाचा शिक्का मारायचे. काही तर उघड फसवायलाच.

हातोडा पडला म्हणजे पैसे आले असंही नाही. २०१० मध्ये लंडनच्या एका उपनगरातल्या छोट्या लिलावगृहात घर आवरताना सापडलेल्या चिनी फुलदाणीवर ४ कोटी ३० लाख पौंडांना हातोडा पडला. बोली जिंकणाऱ्यानं पैसेच भरले नाहीत. फुलदाणी पुढं दुसऱ्या मार्गानं विकावी लागली, पुष्कळ कमी किमतीत गेल्याच्या बातम्या होत्या.

खुलताबादी

चिनी मातीवरून विषय निघालाच आहे तर. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांकडून 'घोरी' रकाब्यांचं ऐकलेलं असेल. फिकट हिरव्या, जडशीळ चिनी ताटल्या. विषारी अन्न वाढलं की ताटली तडकते किंवा रंग बदलते असा दख्खनेतल्या आणि मोगल दरबारातल्या लोकांचा समज. तशा ताटल्या हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात मांडल्यात. दौलताबादच्या चिनी महालावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून दिसतात. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन तानाशाहाला औरंगजेबानं तिथंच कैदेत ठेवलं. दुधनाकाठ, पेटाऱ्यात हिरवट काही आहे का?

दुधनाकाठ

हिरवट फक्त पितळी तांब्या आहे, तोही कळकलेला.

पूर्णा_जंक्शन

मी खास रेल्वेच्या ताटल्यांसाठी आलोय. अक्षरं नीट सांगा. एन. जी. एस. आर. की एन. एस. आर.?

दुधनाकाठ

एकीवर एन. जी. एस. आर., गोल पट्ट्यात. दुसरीवर नुसतं एन. एस. आर.

पूर्णा_जंक्शन

वा! मग तुमच्याकडं आपल्या लाइनीचा इतिहास दोन ताटल्यांत आहे. एन. जी. एस. आर. म्हणजे निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. ती कंपनी होती, सरकारनं व्याजाची हमी दिलेली. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जाणारी मीटर गेज लाइन १९०० च्या आसपास तिनंच टाकली. १९३० मध्ये निजाम सरकारनं रेल्वे स्वतःकडं घेतली आणि नावातलं 'गॅरंटीड' गेलं. म्हणजे पहिली ताटली कंपनीच्या काळातली धरायला हरकत नाही, दुसरी १९३० नंतरची. पुढं १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, त्यामुळं दुसरीला वरची हद्दही मिळते.

रेल्वेच्या वस्तू जमवणारे लोक देशभर आहेत. कंदील, तिकिटं, पितळी बिल्ले, भांडी. निळ्या ताटल्यांपेक्षा या दोनच आधी जातील. त्या टेम्पोवाल्यानं उगाच नाही उलटून बघितल्या.

मोंढा_नाका (जालना)

आजोबांनी रेल्वेची ताटली घरी कशी आणली हे नका विचारू कुणी.

पूर्णा_जंक्शन

हसा. पण रिफ्रेशमेंट रूमची टवके उडालेली भांडी रेल्वे वेळोवेळी मोडीत काढायची, तिचा स्वतःचाच लिलाव व्हायचा. आजोबांचं सर्व्हिस बुक, नेमणुकीचं पत्र, गणवेशातला फोटो, जे असेल ते ताटल्यांबरोबर ठेवा. वस्तू कुणाची होती, तुमच्यापर्यंत कशी आली, हे कागदावर दाखवता आलं तर त्याच ताटलीची किंमत वेगळी होते.

शहागंज_गल्ली

पानदानाबद्दल. हे बिदरी असावं. हैदराबाद संस्थानात सरदार-मुत्सद्द्यांच्या घरी असायचंच, आणि काम फक्त बिदरला नाही, औरंगाबादलाही व्हायचं. मूळ धातू जस्त, त्यात थोडं तांबं. ओतून घ्यायचं, घासून गुळगुळीत करायचं, मोरचुदानं तात्पुरतं काळं करायचं म्हणजे नक्षी कोरताना दिसते. मग बारीक छिन्नीनं खाचा पाडून त्यात चांदीची तार नाहीतर पत्रा ठोकायचा. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या कढत पाण्याचा हात. त्यानं जस्ताचा धातू कायमचा काळाकुट्ट पडतो आणि चांदी पांढरीच राहते.

तुमच्या पाहुण्यानं वजन का बघितलं? नकली माल ॲल्युमिनियमचा ओततात, वर काळा रंग मारतात. ॲल्युमिनियम जस्ताच्या निम्म्याहूनही हलकं. हातात घेतल्या घेतल्या कळतं. दुसरं, झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं काळं केलेलं नसतं तिथं, शिशासारखा राखाडी रंग दिसायला हवा. बोट फिरवलं तर चांदी आणि काळी जमीन एकाच पातळीवर लागेल. जिथं तार निसटलीय तिथं खाच दिसेल, ती बघून घ्या.

चिंच, लिंबू, राख, पावडर यातलं काहीही लावू नका. मऊ फडकं, फार तर किंचित खोबरेल. चकाकी काढायच्या नादात काळा रंग उतरला तर तो घरी परत आणता येत नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या मालात हे पानदान सगळ्यात वजनदार आहे, दोन्ही अर्थांनी.

पैठणगेट_ताई

तसबिरीविषयी माझा वाटा. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि काही वर्षांत एका जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. नंतरही छपाई चालूच राहिली. त्या छापील लक्ष्मी-सरस्वती मराठवाड्यातल्या निम्म्या वाड्यांत असतील. खाली सही दिसते म्हणून मूळ चित्र समजू नका, सहीसकट छापलेलं असतं.

दहापट दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाल्याकडं मिळतं. काचेवरूनच चेहऱ्यावर धरा. जुन्या शिळाछापात ठिपके हातानं टिंबलेले असतात, लहानमोठे, वाकडेतिकडे, आणि गालाचा गुलाबी दोन-तीन रंगांच्या थरांतून तयार झालेला दिसतो. आजच्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके आखीव ओळीत, एकमेकांभोवती फुलीफुलांसारखे येतात. असं दिसलं तर कॅलेंडर समजा. जुन्या छापाच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत छापखान्याचं नाव असतं, पण फ्रेमवाले ती पट्टी बेलाशक कापायचे.

जरी-टिकल्या घरातल्याच कुणा बाईनं चिकटवलेल्या असणार. पूर्वी लोक नाक मुरडायचे, आता तशा सजवलेल्या तसबिरी मुद्दाम शोधतात. फ्रेम उघडू नका. कागद काचेला चिकटलेला असेल तर रंग काचेबरोबर येतो.

आणि चुकून मूळ तैलचित्र निघालंच, तर रविवर्मा हे १९७९ पासून राष्ट्रीय कला ठेव्यात आहेत. अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, तिघे टागोर वगैरे मिळून असे नऊ चित्रकार. त्यांची चित्रं देशात विकता येतात, देशाबाहेर विक्रीला नेता येत नाहीत.

तेरणा_खोरं (धाराशिव)

लंडनवाल्या थोरल्या बंधूंना एवढंच सांगा, १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितं-कागदपत्रं पंच्याहत्तर वर्षांवरची. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू इंग्लंडात बनलेली असली तरी. पाहुण्यांच्या बॅगेतून धाडण्याचं कुणी सुचवलं तर घराबाहेर काढा. देशातल्या देशात विकायला बंदी नाही, पण हा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तो टेम्पोवाल्याला विचारून बघा. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या, कोरीव लाकूड यांच्यासाठी नोंदणी असते. वाड्याचे कोरीव खांब आणि तुळया उतरवणार असाल तर त्यांचंही आधी विचारून घ्या, ताटल्यांच्या गडबडीत लाकूड विसरू नका.

आमच्या तेरला शेतात, पांढरीच्या मातीत अजून जुने मणी, खापरं, मातीच्या बाहुल्या निघतात. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जन्मभर गोळा केल्या, त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे. जमिनीतून निघालेल्या धनाला मात्र १८७८ चा वेगळा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वाडा पाडताना पायात किंवा भिंतीत हंडा सापडला तर तो फडताळातल्या ताटल्यांसारखा नाही, हे आधीच चौघांना सांगून ठेवा.

आणि सुऱ्यांच्या मुठी? पांढऱ्या म्हणालात.

दुधनाकाठ

हो, पिवळट पांढऱ्या. हस्तिदंत असेल का? मग तर महाग?

तेरणा_खोरं (धाराशिव)

हस्तिदंत निघालं तर विक्रीचं नाव काढू नका. वन्यजीव कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. भिंगातून बघा. मुठीच्या बोडक्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी रेषा दिसल्या तर हस्तिदंत. बारीक काळसर ठिपके-चिरा दिसल्या तर हाड. अगदी सरळ समांतर रेघा एकसारख्या ओढल्यागत असतील तर सेल्युलॉइड, म्हणजे जुनं प्लास्टिक. बहुतेक वेळा तेच निघतं.

लातूरकरीण_ठाण्यात

माझी बरीच वर्षं एका लिलावगृहाच्या हिशेब खात्यात गेली, म्हणून पैशाचं मी सांगते. नाव विचारू नका.

तुम्ही वस्तू पाठवता, ते बघून अंदाज देतात, अमुक ते तमुक. त्याखाली एक राखीव किंमत ठरते, ती बोली लावणाऱ्यांना सांगत नाहीत. बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू परत, आणि फोटो, विमा, वाहतूक यांचा खर्च कराराप्रमाणं तुमच्याकडून. वस्तू पाठवण्याआधी करारातलं हे कलम वाचा, लोक अंदाजाचा आकडा वाचून सही करतात.

विकली गेली तर हातोड्याच्या किमतीतून, म्हणजे शेवटच्या बोलीतून, तुमच्याकडचं कमिशन कापतात. शिवाय घेणारा लिलावगृहाला वरून प्रीमियम भरतो. क्रिस्टीज आणि सोदबीज यांनी लंडनला १९७५ मध्ये तो सुरू केला, आता सगळीकडं आहे आणि वीस टक्क्यांच्या वर सहज जातो. म्हणून बातमीतला आकडा आणि विकणाऱ्याच्या खात्यात आलेला आकडा यांची कधीच गाठ पडत नाही. बातमीत प्रीमियमसकट छापतात. जीएसटी वेगळा, शंभरीपुढच्या वस्तूंवर आणि चित्रांवर सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

कॅटलॉगची भाषाही बघा. चित्रकाराचं नुसतं नाव लिहिलं तर ते जबाबदारी घेतात. 'यांचं मानलं जातं', 'यांच्या शिष्यपरिवारातलं', 'यांच्या पद्धतीचं', 'सही दिसते' असं एकेक पायरी खाली उतरलं की किंमतही उतरते.

मुंबईत २०१३ च्या डिसेंबरात क्रिस्टीजनं पहिला लिलाव केला तेव्हा गायतोंडेंचं चित्र २३.७ कोटींना गेलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेनांचं 'ग्रामयात्रा' जवळपास ११८ कोटींना. हे आधुनिक चित्रांचं जग आहे. भांड्यांची दारं वेगळी, गर्दीही वेगळी. अर्धवट डिनर सेट मोठी गृहं घेतच नाहीत. चांदीच्या किटलीखाली 'ई. पी. एन. एस.' लिहिलेलं असेल तर तो 'निकेल सिल्व्हर' नावाच्या, चांदी नसलेल्या धातूवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा आहे, वजनावर चांदीचा भाव मिळणार नाही. चांदीची असेल तर इंग्लंडचा चालत्या सिंहाचा शिक्का शोधा.

टॅक्सचं थोडक्यात: घरगुती वापराची भांडी वैयक्तिक सामानात मोडतात, चित्रं आणि कलावस्तू मोडत नाहीत, त्यांच्यावर भांडवली नफा लागतो. सीएला विचारा.

गोदाघाट_नांदेड

म्हणजे काहीच नाही का मिळणार? मूड घालवला राव.

लातूरकरीण_ठाण्यात

मिळेल की. पानदान, रेल्वेच्या ताटल्या आणि तसबीर या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी दाखवा, लेखी अंदाज मागा, मूळ कागदपत्रं कुणाच्या हाती देऊ नका. मी तर म्हणेन पंचवीस हजार हा आकडा एकट्या पानदानासाठी तरी पुरेसा आहे का, ते आधी बघा.

खुलताबादी

विकायचंच कशाला? संग्रहालयाला द्या. आपल्याकडच्या वस्तू मुंबई-दिल्लीला जातात आणि आपण नंतर तिकीट काढून बघतो.

शहागंज_गल्ली

खुलताबादी, भावना कळते. पण संग्रहालयाच्या गोदामात खोक्यात पडून राहण्यापेक्षा कुणा शौकिनाच्या दिवाणखान्यात पानदान मांडलेलं बरं. देणगी द्यायची तर लेखी पोच, वस्तूचा फोटो आणि दाखल क्रमांक घेतल्याशिवाय देऊ नये. एका ठिकाणी आमच्या घरची तलवार दिली होती, आज विचारायला गेलं तर नोंदवही सापडत नाही म्हणतात.

खुलताबादी

म्हणून काय द्यायचंच नाही? पोच घेऊन द्या म्हणा.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. भावांशी बोलणं झालं. टेम्पोवाल्याला नाही सांगितलं, त्यानं लगेच चाळीस हजार केले, मग पन्नास. मोंढा_नाका, तुमचं खरं निघालं.

ठरलंय असं: पानदान आणि तसबीर मुंबईला दोन ठिकाणी दाखवणार. एन. एस. आर. ची ताटली विकू, एन. जी. एस. आर. ची थोरल्याकडं राहील, त्याला आजोबांची आठवण जास्त. मुठी सेल्युलॉइडच्या निघाल्या. किटलीखाली ई. पी. एन. एस. निळ्या ताटल्यांची वाटणी प्रत्येकी सारखी करायची असं धाकटा म्हणतोय.

खडकेश्वर (संभाजीनगर)

ताटल्या वाटू नका हो. झाकणाचं भांडं, थाळ आणि ताटल्या एकत्र असतील तर त्याला संच म्हणता येतं. चार घरांत गेल्या की चार घरांत सुट्या बशा. कुणी एकानं ठेवाव्यात, बाकीच्यांनी बरण्या घ्याव्यात. दोन रंगांच्या मोठ्या बरण्या बुडाखाली बघून घ्या, परशुराम पॉटरी वर्क्सचं नाव सापडलं तर गंमत. लोणचं घालायला तर उपयोगी पडतीलच.

दुधनाकाठ

बरण्यांवर तर आधीच भांडण लागलंय, तिघी जावांनी नावं टाकून ठेवलीत. एक शेवटचं, सेलूहून मुंबईला ट्रॅव्हल्सनं न्यायचं तर बांधायचं कसं?

लातूरकरीण_ठाण्यात

ताटल्या आडव्या रचू नका, एकावर एक वजन येऊन खालची तडकते. प्रत्येकीला कागदात गुंडाळून खोक्यात उभ्या लावा, मध्ये पुठ्ठा, खाली-वर जुन्या गोधडीचा थर. वर्तमानपत्र थेट लावायचं नाही, शाई उतरते. झाकण वेगळं बांधायचं, भांड्यावर ठेवून कधीच नाही. आणि डिकीत टाकू नका, पायाशी घ्या.

मोंढा_नाका (जालना)

सीटचं तिकीट काढा तिचं वेगळं. ट्रॅव्हल्सवाला विचारलं तर सांगा, निजामाच्या रेल्वेची पॅसेंजर आहे.